उपवासकाळाचं पहिलं पान

६ जानेवारी २०१९, रविवार

पुन्हा निळं पुस्तक! सलग तिसरं वर्ष!

चर्चमधली मराठी भक्ती संपली, चहाचे कागदी कप फिरले आणि भाऊसाहेब चक्रनारायण उठले. एक हात सुनेच्या खांद्यावर, मान ताठ. "या उपवासकाळातही आपण निळंच पुस्तक वाचू." बस्स. खाली बसले. कुणाला विचारणं नाही, सवरणं नाही. पाळकसाहेबांनी मान डोलावली, बाकीच्यांनी बिस्किटं उचलली. मी एकटीच चरफडत राहिले.

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, सव्वीस घरं, एकच पुस्तक. द्वारकेपासून नोएडापर्यंत सगळ्यांनी एका दिवशी एकच प्रकरण वाचायचं आणि दर बुधवारी कुणाच्या तरी घरी जमून त्यावर बोलायचं. दिल्लीतल्या आम्हा मूठभर मराठी ख्रिस्ती लोकांची ही एवढी एकच रीत उरली आहे, जिच्यात म्हातारे, मुलंबाळं सगळे येतात. येतात कसले — यायचे! गेल्या वर्षी शेवटच्या बुधवारी नऊ जण होतो. त्यातले दोघे डुलक्या घेत होते.

आणि निळं पुस्तक तरी कसलं! कुणा गोऱ्या साहेबाचं, शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी मराठीत आणलेलं. एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. क्रियापद येईपर्यंत कर्ता कोण होता ते विसरायला होतं. नीलानं पहिल्या वर्षी पाच पानं वाचली आणि विचारलं, "आई, हे मराठीच आहे ना?" दुसऱ्या वर्षी बुधवार आला की तिच्या गुरुग्रामच्या ऑफिसात हटकून मीटिंग निघायची. या वर्षी बिचारी मीटिंगचं कारणसुद्धा देणार नाही.

मला एवढंच हवंय. माझ्या पोरीनं चाळीस दिवस एक पुस्तक आपणहून उघडावं. मराठी. देवाचं. फार मागतेय का मी?


७ जानेवारी, सोमवार

ठरलं. या वर्षीचं पुस्तक मी निवडणार.

श्रीरंगला सांगितलं. नवरा हिंदू, तीस वर्षं मला चर्चला सोडतो आणि बाहेर गाडीत पेपर वाचत बसतो. पण मंडळीतली प्रत्येक भानगड त्याला माझ्याआधी कळते! म्हणाला, "भाऊसाहेबांशी पंगा? चाळीस वर्षं तेच निवडतात यार." मग काय झालं? मंत्रालयात माझा सेक्शन आहे. रोज माझ्या टेबलावरून फायली जातात. एक पुस्तक मंजूर करून घेता येणार नाही मला?

खरं तर भाऊसाहेब असे नव्हते. दरवर्षी नवीन पुस्तक आणायचे. दर रविवारी सकाळी दर्यागंजला जुन्या पुस्तकांच्या फुटपाथवर उकिडवे बसलेले दिसायचे, खादीची पिशवी फुगलेली. रेल्वे बोर्डातला माणूस, पण पुस्तक हातात आलं की पोरासारखे खूष व्हायचे. मी लग्न होऊन दिल्लीत आले तेव्हा मंडळीत मला पहिलं पुस्तक त्यांनीच दिलं. आता म्हातारपणी हटवादीपणा आलाय, दुसरं काय.


१२ जानेवारी, शनिवार

प्रगती मैदान. पुस्तक मेळा. पाय तुटले.

ख्रिस्ती पुस्तकांचे स्टॉल सात-आठ. सगळीकडे इंग्रजी, थोडं हिंदी. आणि पुस्तकं कशी? सात पायऱ्यांत आशीर्वाद, एकवीस दिवसांत श्रीमंती, मुखपृष्ठावर सूटबूटवाला हसतोय. एका स्टॉलवरच्या मुलीनं मला फुकट देऊ केलं. म्हटलं, बेटा, देव काय इन्शुरन्सची पॉलिसी आहे? ती हसली, आणि तरी पिशवीत घातलंच.

दुसरा प्रकार जाडजूड अभ्यासाचा. चांगली होती, खोटं का बोलू! एक तर मी स्वतःसाठी घेतलं. पण ते बुधवारच्या पोह्यांबरोबर कोण वाचणार? अभ्यासाचं पुस्तक वेगळं, सकाळी उठून पाच मिनिटं वाचायचं पुस्तक वेगळं. हे आमच्या लोकांना कधी कळणार? निळं पुस्तक धड अभ्यासाचं नाही, धड भक्तीचं नाही.

मराठी? एकही नाही. हात हलवत परत आले.


१४ जानेवारी, सोमवार

सापडलं!! म्हणजे मंडळीतल्या सुमित्रानं शोधून दिलं. तिची बहीण मिरजेला दवाखान्यात नोकरीला होती, तिनं कधीतरी पाठवलं होतं. 'ओसरीवरच्या चाळीस सकाळी'. तिथल्याच एका निवृत्त नर्सबाईंनी लिहिलेलं. चाळीस सकाळी! जसं काही आमच्यासाठीच! रोजचं दीड पान. रात्रपाळी संपली की बाई दवाखान्याच्या ओसरीवर बसायच्या, तिथं काय दिसलं, कोण भेटलं, आणि त्यात देव कुठं होता. उपदेश नाही. मध्येच एक ओळ येते आणि मी मागे जाऊन ती पुन्हा वाचते.

मी चार प्रकरणं उभ्यानंच वाचली. भाजी लागली तळाला.

पण घाई करायची नाही. एकच पुस्तक पुढे केलं तर म्हणतील हेमाचा हट्ट. ऑफिसची शिस्त — नमुने तीन हवेत. सुमित्राकडून आणि पुण्याच्या वहिनीकडून आणखी दोन मराठी मागवली आहेत.


१७ जानेवारी, गुरुवार

तीनही हातात आली. लंच अवरमध्ये कंपॅरेटिव्ह स्टेटमेंट केलं, चक्क ऑफिसच्या कागदावर. देवा, क्षमा कर. रकाने: वाक्य किती लांब. अक्षर किती मोठं. रोजचं वाचन मेट्रोच्या किती स्टेशनांत संपतं. वाचून झाल्यावर दिवसभर काही उरतं का. हा शेवटचा रकाना मोजता येत नाही म्हणून खोडला, मग पुन्हा लिहिला. तोच तर खरा!

श्रीरंगनं कागद पाहिला आणि पोट धरून हसला. म्हणे, तुम्ही लोकांनी आता देवाचंही टेंडर काढलं.


१८ जानेवारी, शुक्रवार

तिन्ही पुस्तकं जेवणाच्या टेबलावर ठेवली. नीलाला एक अक्षर बोलले नाही. बोललं की बिघडतं. आमची पोर आहे ती, सांगितलेलं करणार नाही.

संध्याकाळी दोनच होती टेबलावर.


१९ जानेवारी, शनिवार

"आई, ओसरी म्हणजे काय?"

मी पोळी लाटत होते. लाटणं तसंच हातात! दिल्लीत जन्मलेली, सरकारी क्वार्टरच्या तिसऱ्या मजल्यावर वाढलेली पोर, तिला ओसरी कुठून माहीत असणार! घराच्या पुढची उघडी, छप्पर असलेली जागा, म्हटलं, येणारा-जाणारा टेकतो ती. "अच्छा, म्हणजे बाल्कनी, पण लोकांसाठी," ती म्हणाली. बिल्कुल!

मेट्रोत हौज खासला चढली, सिकंदरपूरला एक प्रकरण संपलं होतं. तीन प्रकरणं वाचली म्हणे. शेजारी उभ्या असलेल्या बाईनं वाकून वाचायचा प्रयत्न केला तर हिनं तिला हिंदीत अर्थ सांगितला. हे ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. आणि मग सहज म्हणाली, "मी देवाशी हिंदीतच बोलते आई, तुला माहितीये? पण हे वाचल्यावर मराठीत ट्राय केलं. थोडं आलं."

मी पोळी करपवली. बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

आता मी मागे हटणार नाही. भाऊसाहेब असोत नाहीतर त्यांचा रेल्वे बोर्ड.


२० जानेवारी, रविवार

तिन्ही पुस्तकं भाऊसाहेबांच्या हातात दिली. नम्रपणे! नर्सबाईंच्या पुस्तकात पहिल्याच पानावर चिठ्ठी ठेवली: "भाऊसाहेब, हे पान अवश्य वाचावं आणि मत कळवावं. — हेमलता." अक्षरही मोठं आहे, तुम्हाला त्रास होणार नाही, असं वर सांगितलं. तर म्हणतात कसे, "अक्षर मोठं असून काय करायचंय." आणि पुस्तकं न बघताच सुनेकडे, प्रभाकडे दिली.

घमेंड! हा माणूस कधीकाळी पुस्तकाचा वास घ्यायचा.


२७ जानेवारी, रविवार

भाऊसाहेब भक्तीला नाहीत. थंडी, म्हणे.


२९ जानेवारी, मंगळवार

आयएनए मार्केटला मासळी घ्यायला गेले होते. समोरून भाऊसाहेब आणि प्रभा. दोन हातांवरून गेले, माझ्या तोंडासमोरून — ओळख नाही, नमस्कार नाही! मीच मागून हाक मारली तेव्हा थांबले. "कोण, हेमा का?" जसं काही मी तीस वर्षं परदेशात होते. रागावलेत, दुसरं काय. एका पुस्तकापायी ओळख टाकायची? प्रभा मात्र कानकोंडी होऊन हसली. चांगली मुलगी आहे. नवरा जहाजावर, सासरा हा असा.


३ फेब्रुवारी, रविवार

पुस्तकं परत मिळाली. निकाल: "तिन्ही पाहिली. एकातही दम नाही. निळं पुस्तक ते निळं पुस्तक."

घरी येऊन उघडून पाहिलं. चिठ्ठी जिथल्या तिथं! घडीसुद्धा मोडलेली नाही. दोन आठवडे घरात ठेवून या माणसानं पुस्तक उघडलंही नाही. आणि म्हणे तिन्ही पाहिली! मंडळीचे वडीलधारे, पांढरे केस, आणि देवाच्या घरात उभं राहून थाप मारली!

राग तर आलाच आहे. पण खरं सांगू? आत कुठेतरी आनंदही झालाय. कारण पुरावा आता माझ्या हातात आहे.


५ फेब्रुवारी, मंगळवार

पाळकसाहेबांना फोन केला. म्हटलं, या वेळी घरागणिक मत घ्या. ते आधी खाकरले, मग म्हणाले भाऊसाहेबांना काय वाटेल, मग म्हणाले बरं. त्यांचा स्वतःचा मुलगाही बुधवारी येत नाही, याची मी हळूच आठवण करून दिली होती.


१० फेब्रुवारी, रविवार

जिंकले!!

सगळं लिहून ठेवते, विसरायचं नाही. भक्तीनंतर पाळकसाहेबांनी विषय काढला. मी उभी राहिले. स्टेटमेंट वाचलं नाही, आयत्या वेळी वाटलं लोक हसतील. नीलाची गोष्ट सांगितली: मेट्रो, ओसरी, हिंदीतली बाई. मागच्या बाकावरची तरुण मुलं मान वर करून ऐकत होती. मग नर्सबाईंच्या पाच ओळी वाचल्या. हॉलमध्ये इतकी शांतता, की शेजारच्या खोलीतला मल्याळी गायनाचा सराव ऐकू येत होता.

भाऊसाहेब म्हणाले, पुस्तक हलकं आहे. मी वाचलंय.

तेव्हा मी ती चिठ्ठी काढली. वर धरली, सगळ्यांना दिसेल अशी. म्हटलं, "ही पहिल्या पानावर ठेवली होती. जशी ठेवली तशीच परत आली. ज्यानं पहिलं पान उघडलं नाही, त्यानं पुस्तक हलकं आहे की जड ते सांगू नये." कुणीतरी श्वास आत ओढला. सुमित्रा माझा पदर ओढत होती. भाऊसाहेबांनी चिठ्ठीकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ समोर खिडकीकडे बघत राहिले. "कसली चिठ्ठी?" म्हणाले. सांगितलं. मग अगदी सावकाश, "मग ठीक आहे. मत घ्या."

हात वर. सव्वीस घरांतून चोवीस हजर, त्यातले एकोणीस माझ्या बाजूनं! आणि अकड बघा — समोर हात दिसत असूनही पाळकसाहेबांना विचारतात, "किती झाले?" हार डोळ्यांनी मोजायचीसुद्धा लाज!

तरुण मुलांनी टाळ्या वाजवल्या. नीलानं सगळ्यांदेखत मिठी मारली. गाडीत श्रीरंगनं हात पुढे केला — काँग्रॅच्युलेशन्स, मॅडम. येताना बंगाली मार्केटला जिलबी खाल्ली. माझे पाय अजून जमिनीवर नाहीत.


११ फेब्रुवारी, सोमवार

चिठ्ठी वर धरायला नको होती का? सुमित्राचं म्हणणं, जरा जास्तच झालं.

नाही. खोटं ते खोटं.


१७ फेब्रुवारी, रविवार

मिरजेला फोन लावला, प्रती मागवायला. छापणाऱ्यांनी एक नंबर दिला, आणि उचलला कुणी? खुद्द नर्सबाईंनी! वय चौऱ्याऐंशी. आवाज खणखणीत. म्हटलं, आमच्या दिल्लीच्या मंडळीनं उपवासकाळासाठी तुमचं पुस्तक निवडलंय. त्यांनी गावाचं नाव पुन्हा विचारलं. मग, "दिल्लीत? दिल्लीत मराठी कोण वाचतं गं?" म्हटलं, माझी मुलगी वाचते. तर त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता नाक ओढल्याचा आवाज आला.

शेवटी म्हणाल्या, "पहिलं पान कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घे. ते मी लिहिलं नाही, बोलले होते. भाचीनं उतरवलं."

ते तर होणारच! आमची रीतच आहे. राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी, संध्याकाळी मंडळीतल्या सगळ्यात वयस्क माणसानं उभं राहून पहिलं पान वाचायचं. म्हणजे भाऊसाहेब! माझं पुस्तक, त्यांच्या तोंडून!! हे तर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दिवसभर हसू येतंय.


२५ फेब्रुवारी, सोमवार

प्रभाचा फोन, ऑफिसात. बाबांचा घसा बसलाय, या वर्षी पहिलं पान पाळकसाहेबांनी वाचलं तर चालेल का? मी म्हटलं, घशाला अजून नऊ दिवस आहेत. ती चाचरली. मग म्हणाली, निदान एक प्रत आधी मिळेल का, त्यांना एकदा नजरेखालून घालता येईल.

आता घाई! दोन आठवडे घरात पडून होतं तेव्हा उघडलं नाही. माझ्याकडची प्रत नीलाजवळ आहे, आणि नवीन प्रती सगळ्यांना एकदमच मिळतील, कुणाला आधी नाही. नियम म्हणजे नियम. गोड आवाजात सांगितलं, पण सांगितलं. प्रभा म्हणाली, ठीक आहे ताई. आणि फोन ठेवेना. मग ठेवला.

एकदा वाटलं, द्यावी का पाठवून. पण का म्हणून? रुसव्याला खतपाणी घालायचं नाही.


२ मार्च, शनिवार

घोडं गंगेत न्हालं! पुस्तकं आली! पुण्याहून कुणी साहेब येत होते, त्यांच्या सामानातून भालचंद्रनं आणवली. तो कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या सदनात नोकरीला आहे, सुमित्राचा धाकटा दीर. दोन खोकी. नीला आणि मी गाडी घेऊन गेलो. तिथल्या कँटीनमध्ये मिसळ खाल्ली आणि एक खोकं तिथंच फोडलं, राहवेना. कोऱ्या कागदाचा वास! नीलानं एक प्रत नाकाशी धरली, अगदी भाऊसाहेब धरायचे तशी.


६ मार्च, राखेचा बुधवार

काय लिहू. आनंदही आहे आणि संतापही.

हॉल भरला. भरला! सव्वीसच्या सव्वीस घरं आणि वर गुरुग्रामची चार नवीन मुलं, नीलानं आणलेली. खुर्च्या कमी पडल्या. दारात मी आणि नीला प्रत्येकाच्या हातात एकेक प्रत देत होतो. भाऊसाहेबांची प्रत प्रभानं घेतली.

प्रार्थना झाली. पाळकसाहेबांनी नाव पुकारलं. भाऊसाहेब उठले, प्रभानं पुस्तक उघडून त्यांच्या हातात ठेवलं. चष्मा लावला. घसा वगैरे काही बसलेला नव्हता! तोच जुना आवाज. मी माझी प्रत उघडून बोट ठेवून बसले होते. पहिल्या पानावर आहे: बाई रात्रपाळी संपवून ओसरी झाडतात, तिथं एका पेशंटची आई भिंतीला टेकून झोपलेली असते, तिला त्या चहा देतात.

आणि भाऊसाहेब वाचू लागले: "सकाळ आधी कानांना कळते. दूधवाल्याची सायकल. शेजारचं दार. कुणाच्या बांगड्या, कुकरची पहिली शिट्टी. मग हातांना कळते, कारण कप गरम असतो. हे सगळे येऊन मला सांगतात की उजाडलं. मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो. प्रभू, तुझ्यावरही तसाच ठेवतो."

यातलं एक अक्षर पुस्तकात नाही! मी पान उलटलं. दुसरं पाहिलं. नाही! हा माणूस पुस्तक हातात धरून, मान खाली घालून, सगळ्या मंडळीसमोर मनचं वाचत होता!

संपलं आणि कुणी हलेना. सुमित्रा रडत होती. गुरुग्रामची मुलं रडत होती. पाळकसाहेबांना आशीर्वाद सुचेना. मग जो तो माझ्याकडे — काय पुस्तक निवडलंस हेमा! दहा वर्षांत असं ऐकलं नाही! मी हसत होते आणि आतून जळत होते. माझं पुस्तक जिंकलं, पण पुस्तकातलं नसलेलंच जिंकलं! भाऊसाहेब जवळून गेले तेव्हा थांबले, म्हणाले, "जमलं ना गं?" मी खुर्च्या आवरायला वळले.


७ मार्च, गुरुवार

सकाळपासून ग्रुपवर मेसेज. ते बांगड्या-कुकरचं कुठल्या पानावर आहे? आमच्या प्रतीत नाही. भालचंद्र विचारतो, आवृत्त्या दोन आहेत का? काय उत्तर देऊ! म्हाताऱ्यानं सूड उगवला. माझ्या नर्सबाईंचं पान त्यांना हलकं वाटलं, म्हणून सुधारून घेतलं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईचा अपमान! शनिवारी त्यांच्या नोएडाच्या घरी जाऊन तोंडावर विचारणार आहे.

श्रीरंग म्हणतो, जाऊ दे ना, तू जिंकलीस. जाऊ दे कसं?


८ मार्च, शुक्रवार

नीला आजचं तिसरं प्रकरण मेट्रोत पुन्हा वाचून आली. माझ्याआधी! चार नवीन मुलं पण वाचताहेत. त्यांतल्या एकानं आज तिला मराठीत प्रार्थना लिहून पाठवली, तीन चुका असलेली. मी दोनदा वाचली.


९ मार्च, शनिवार

भांडायला गेले होते. प्रभानं दार उघडलं, माझा चेहरा पाहिला आणि मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं. तीन वर्षं झाली, भाऊसाहेबांना अक्षर दिसत नाही. आता माणसंही दिसत नाहीत. निळं पुस्तक पाठ आहे, म्हणून निळं पुस्तक. तिलाही गेल्या महिन्यातच कळलं, आणि कुणाला न सांगण्याचं वचन त्यांनी तिच्याकडून घेतलं होतं. वाचन गेलं असं कळलं तर मंडळीत माझं काय उरलं, म्हणाले होते.

आणि मी त्यांच्यासमोर ती चिठ्ठी वर धरली होती.

बाहेरून हाक आली, "हेमा का? पुस्तक आणलंयस?" पर्समध्ये होतं. मी समोर बसले आणि पहिलं पान मोठ्यानं वाचलं. ओसरी, झाडू, भिंतीला टेकून झोपलेली आई, चहा. ते मान खाली घालून ऐकत होते. संपल्यावर हात पुढे केला, पुस्तक मागून घेतलं, नाकाशी धरलं.

"चांगलं पान आहे गं," म्हणाले. "मला आधी कुणी वाचून दाखवलं असतं, तर हेच वाचलं असतं."